जुन्या हायब्रिडची हाय-व्होल्टेज बॅटरी बदलताना

स्कॅनरवर पी०ए८० हा कोड, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदलायचा इशारा, दिसला की गाडीच्या मालकाचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. त्याआधी विचारायला हवं ते हे, की बॅटरीतलं नेमकं काय गेलंय आणि कशामुळे गेलंय. हे न शोधता नवा पॅक बसवला, तर जुन्याला ज्या कारणानं मारलं तेच कारण नव्याच्याही मागे लागतं. खाली लिहिलंय ते दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसवर केलेल्या कामाबद्दल, म्हणजे २००४ ते २००९ ची मॉडेल्स. तिसऱ्या पिढीतही रचना बरीचशी अशीच आहे. पहिल्या पिढीत मात्र मॉड्यूल जास्त आणि व्होल्टेजही जास्त, त्यामुळे तिथे आकडे बदलतील.

आधी या पॅकमध्ये काय असतं ते बघू. निकेल-मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्टचं एक मॉड्यूल. अशी २८ मॉड्यूल एकामागून एक जोडली की २०१.६ व्होल्ट. क्षमता फक्त ६.५ अँपिअर-तास, म्हणजे सगळी मिळून सव्वा किलोवॅट-तासाच्या जरा वर. त्यातलाही साधारण ४० ते ८० टक्क्यांमधलाच भाग गाडी वापरते. बॅटरी इतकी वर्षं टिकते ती या संयमामुळे. बॅटरीचा ईसीयू, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारा छोटा संगणक, मात्र २८ मॉड्यूल वेगवेगळी बघत नाही. तो दोन-दोनच्या जोड्या बघतो, म्हणजे १४ ब्लॉक. पी३०११ ते पी३०२४ हे कोड याच १४ ब्लॉकचे. पी३०१९ आला तर नववा ब्लॉक कमजोर.

या गाडीत पी०ए८० सोबत पी३०१९ होताच. पण कोडवर न थांबता चौदाही ब्लॉकचे व्होल्टेज चालत्या गाडीत बघितले. गाडी उभी असताना सगळे ब्लॉक १५.६ ते १५.८ व्होल्टच्या आसपास आणि नववा १५.३. एवढ्यावर कुणी बॅटरी बाद करणार नाही. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर बाकीचे १४.२ वर थांबले आणि नववा १२.४ पर्यंत कोसळला. ब्रेक मारून चार्जिंग सुरू झालं तेव्हा उलटं चित्र, बाकीचे १७.२ आणि नववा १८.६. विजेचा भार पडला की सगळ्यात खाली आणि भरायला लागलं की सगळ्यात वर, ही वाढलेल्या अंतर्गत रोधाची खूण. नुसता एखादा सेल शॉर्ट झाला असता तर तो ब्लॉक कायमच सव्वा व्होल्टनं खाली राहिला असता. हा फरक ओळखता आला पाहिजे.

लक्षणं बरीच आधीपासून दिसत असतात. स्क्रीनवरची बॅटरीची पट्टी काही मिनिटांत गुलाबीवरून हिरवीवर आणि परत खाली येते, मागच्या सीटजवळचा पंखा सारखा मोठ्यानं फिरतो, सिग्नलला इंजिन बंद व्हायचं ते चालूच राहतं, मायलेज घसरतं. लाल त्रिकोण पेटतो तो सगळ्यात शेवटी. पण यातलं काहीही दिसलं तरी आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. तासभर उभ्या गाडीत तिचे टर्मिनल १२.६ च्या आसपास हवेत. ती १२ च्या खाली गेली की गाडीतले कंट्रोलर काहीबाही कोड टाकतात आणि निष्कारण मोठ्या बॅटरीवर संशय जातो. उलट बाजूही ध्यानात ठेवा. प्रियसमध्ये वेगळा स्टार्टर नाही, इंजिन फिरवते ती मोटर मोठ्या बॅटरीवरच चालते. मोठी बॅटरी पूर्ण बसली तर जंपर केबल लावून इंजिन सुरू होत नाही.

एकच ब्लॉक खराब असेल तर त्यातलं एकच मॉड्यूल का बदलू नये? हा प्रश्न दर वेळी येतो. १६८ सेल मालिकेत आहेत, सगळ्यांतून तोच प्रवाह जातो. ज्याची क्षमता सगळ्यात कमी तो आधी रिकामा होतो. बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि तो उलट्या ध्रुवतेत जातो. आत गॅस तयार होतो, दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि इलेक्ट्रोलाइटमधलं पाणी कमी होतं. पाणी कमी झालं की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते. म्हणजे मेलेलं मॉड्यूल हे फक्त रांगेतलं पहिलं. तिथे दुसऱ्या जुन्या पॅकमधून काढलेलं मॉड्यूल घातलं, तर त्याची क्षमता आणि रोध शेजाऱ्यांशी जुळणार नाही, आणि काही महिन्यांनी पुढचा ब्लॉक पडेल. गाडी विकण्यापुरती चालवायची असेल तर गोष्ट वेगळी. गाडी ठेवायची असेल तर माझं मत ठाम आहे: सगळी २८ मॉड्यूल नवी.

नवी म्हणजे खरंच नवी. बाजारात 'रीकंडिशन्ड' म्हणून मिळणारे बरेच पॅक जुन्याच मॉड्यूलना चार्ज-डिस्चार्जची काही आवर्तनं देऊन, चाचणी करून जुळवलेले असतात. हे काम प्रामाणिकपणे केलेलं असलं तरी गेलेलं पाणी परत येत नाही. असा पॅक घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडे प्रत्येक मॉड्यूलची मोजलेली क्षमता, रोध आणि काही आठवडे ठेवल्यावर उरलेलं व्होल्टेज, असे तीनही आकडे मागा. तिसरा सगळ्यात बोलका असतो, कारण स्वतःहून उतरणारं मॉड्यूल चाचणीच्या दिवशी उत्तम दिसतं. नव्या मॉड्यूलच्या बाबतीत उत्पादनाची तारीख विचारा. दोन वर्षं गोदामात पडून राहिलेलं निकेल मॉड्यूल उतरलेलं असतं. लिथियम आयर्न फॉस्फेटचे पर्यायही आहेत. तिथे लक्षात घ्यायचं ते असं, की मूळ ईसीयू चार्जचा अंदाज निकेलच्या वागण्यावरून बांधतो, आणि लिथियमचा व्होल्टेजचा आलेख मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो. त्या किटनं ही अडचण कशी सोडवली आहे ते समजत नसेल तर निकेलच बरं.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात हातमोज्यांपासून. क्लास ० चे, १००० व्होल्टचे रबरी मोजे आणि त्यावर चामड्याचे. वापरण्याआधी मोज्यात हवा भरून मनगटाकडून गुंडाळत न्यायचं. कुठे सुईएवढं छिद्र असलं तरी हवा निसटते आणि तो मोजा बाद. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. पाने इन्सुलेटेड असावेत, मल्टिमीटर निदान कॅट ३ या सुरक्षा श्रेणीचा. आणि सोबत दुसरा माणूस हवा, ज्याला यातला धोका माहीत आहे.

गाडी बंद करून चावी दूर नेऊन ठेवायची. डिकी आधीच उघडून ठेवायची, कारण तिचं कुलूप विजेवर उघडतं आणि पुढच्याच पायरीला वीज तोडायची आहे. डिकीत उजव्या बाजूच्या पॅनेलमागे छोटी बॅटरी असते, तिची निगेटिव्ह केबल १० एमएमच्या पान्यानं सोडवायची. मग डावीकडचा नारिंगी सर्व्हिस प्लग काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नको, दुसरं कुणी तो सहज परत लावू शकतं. त्यानंतर निदान पाच मिनिटं थांबायचं, तिसऱ्या पिढीत दहा, म्हणजे इन्व्हर्टरमधले (बॅटरीच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणाऱ्या भागातले) कपॅसिटर उतरतात. थांबल्यानंतरही नारिंगी केबलच्या टर्मिनलवर मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सर्व्हिस प्लग काढला की बॅटरी 'बंद' होते असं नाही. प्लग मॉड्यूलची मालिका मध्येच तोडतो, त्यामुळे बाहेरच्या केबलमध्ये वीज जात नाही. आतले दोन तुकडे तसेच भरलेले असतात, आणि त्यातल्या मोठ्या तुकड्यावर शंभराच्या वर व्होल्ट डीसी असतातच. झाकण उघडल्यावर बसबार, म्हणजे मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, सुटे होईपर्यंत मोजे हातातून निघत नाहीत.

पॅक बाहेर काढायला मागच्या सीटच्या पाठी, डिकीचा तळ, फोमचे ट्रे आणि दोन्ही बाजूंची पॅनेल निघावी लागतात. पॅनेलच्या क्लिपा थंडीत कडक होतात, प्लॅस्टिकच्या पातीनं उचकटा, स्क्रूड्रायव्हरनं नको. दोन नारिंगी केबल, ईसीयूचा कनेक्टर, हवेचा डक्ट आणि गॅस बाहेर नेणारी रबरी नळी सुटली की चौकटीचे बोल्ट सोडवून दोघांनी पॅक उचलायचा. वजन चाळीस किलोच्या आसपास आहे आणि वाकून उचलावं लागतं, तेव्हा डिकीच्या काठावर जाड कांबळं टाकून त्यावरून सरकवणं सोपं पडतं.

झाकण उघडल्यावर आधी बसबारचे नट सोडवायचे नाहीत. आधी फोटो काढायचे. मॉड्यूल एक सुलट, एक उलट अशी लावलेली असतात, म्हणजे शेजारच्या प्लस-मायनसला पट्टीनं जोडता येतं. एखादं चुकीच्या तोंडानं बसलं तर पॅकच्या एकूण व्होल्टेजमध्ये सुमारे १५ व्होल्टची घट दिसेल. हे जोडणी झाल्यावर मीटरवर कळतं, पण तेव्हा परत सगळं उसवावं लागतं.

या पॅकमध्ये पट्ट्या बघितल्यावर निम्मी कहाणी कळली. तांब्यावर हिरवट-काळा थर, काही ठिकाणी पांढरी भुकटी. सील जुनी झाली की टर्मिनलच्या बुडातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड सूक्ष्म प्रमाणात झिरपत वर येतं आणि हवेशी संयोग होऊन पांढरं पडतं. हे तीव्र अल्कली आहे, कातडी आणि डोळे भाजतात, तेव्हा चष्मा घालूनच काम. ओला लाल लिटमस कागद लावला तर निळा होतो. सांडलेलं उदासीन करायला २० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम बोरिक ॲसिड हे प्रमाण टोयोटाच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत दिलेलं आहे. तळाच्या पत्र्यापर्यंत हा ओघळ पोहोचला तर हाय-व्होल्टेज आणि बॉडी यांच्यात गळतीचा मार्ग तयार होतो आणि पी०एए६ हा इन्सुलेशनचा कोड येतो. म्हणून रिकामा पत्रा धुऊन, पूर्ण सुकवून मगच त्यात नवी मॉड्यूल.

सुट्या झालेल्या जुन्या मॉड्यूलपैकी सतरा आणि अठरा नंबरची, म्हणजे नवव्या ब्लॉकची, तपासून बघण्यासारखी होती. (मोजणी कुठल्या टोकापासून सुरू होते ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून पक्कं करा.) नुसत्या मीटरवर ७.८२ आणि ७.७५. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावला, या व्होल्टेजला तो साधारण साडेतीन अँपिअर खेचतो. दोन मिनिटांनी चांगलं मॉड्यूल साडेसातच्या जवळ होतं. अठरावं ६.३ वर आलं आणि बल्ब डोळ्यांदेखत मंदावला. त्याच्या दोन्ही बाजू फुगलेल्या होत्या. भार न टाकता नुसतं व्होल्टेज मोजून मॉड्यूल पास करू नका, असं म्हणतात ते यासाठी.

नव्या मॉड्यूलचं पहिलं काम म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणणं. आधी प्रत्येकाचं व्होल्टेज मोजून लिहायचं. त्यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी मागे पडलेली चार्ज करून घ्यायची. मग सगळी २८ मॉड्यूल समांतर जोडून, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, २४ तास ठेवायची. फरक जास्त असताना समांतर जोडली तर भरलेल्यातून उतरलेल्यात मोठा प्रवाह धावतो, तारा तापतात. चार्ज करताना मॉड्यूल दोन जाड फळ्यांमध्ये आवळलेली असावीत. मोकळी ठेवून चार्ज केली की आतल्या दाबानं फुगतात आणि परत चपटी होत नाहीत.

रांग लावताना हाच दाब परत लागतो. दोन्ही टोकांच्या प्लेट आणि सळ्या आवळल्यावरच मॉड्यूलच्या बुडातली भोकं तळाच्या पत्र्यातल्या भोकांशी जुळतात. जुळत नसतील तर बोल्ट जबरदस्तीनं घुसवू नका, रांग अजून आवळा. तापमानाचे तीन सेन्सर मॉड्यूलच्या खाली क्लिपनं बसतात, चौथा आत येणाऱ्या हवेसाठी असतो. क्लिप नीट न बसलेला सेन्सर मॉड्यूलऐवजी हवेचं तापमान सांगतो, मग पंखा उशिरा सुरू होतो. वरची गॅसची नळी प्रत्येक व्हेंटवर पक्की दाबली गेली पाहिजे, कारण ही बॅटरी माणसं बसतात त्याच बंदिस्त जागेत आहे.

पट्ट्यांचं ऐका. नव्या मॉड्यूलवर जुन्या काळवंडलेल्या पट्ट्या लावणं हा सगळ्यात महागात पडणारा काटकसरीपणा आहे. व्हिनेगर आणि मिठात भिजवून, धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, सुकवून त्या चकचकीत होतात. पण उघडं तांबं पुन्हा काळं पडतं, म्हणून निकेलचा मुलामा दिलेल्या नव्या पट्ट्या घेणं मी पसंत करतो. पट्ट्यांइतकंच लक्ष व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक तारांकडे द्या. त्यांच्या टोकाच्या रिंगा आतून सडतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि नवा पॅक घालूनही तोच ब्लॉकचा कोड परत येतो. प्रत्येक तार रिंगपासून कनेक्टरपर्यंत ओहममध्ये मोजा. एक ओहमच्या वर वाचन आलं किंवा तार हलवल्यावर आकडा नाचला तर पूर्ण हार्नेस बदला.

नट आवळायचे ५.४ न्यूटन-मीटरला. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क रेंच इथे निरुपयोगी, इतक्या खालच्या आकड्याला तो खरा नसतो. छोटा रेंच मिळवा. जास्त आवळलं तर स्टड प्लॅस्टिकमध्ये फिरतो आणि ते मॉड्यूल गेलंच. कमी आवळलं तर सांध्यात रोध राहतो, तिथे उष्णता होते आणि ब्लॉक कमजोर असल्यासारखा दिसतो. सगळे नट हातानं बसवून मग एका दिशेनं टॉर्क द्यायचा, आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर मार्करनं रेघ मारायची. या टप्प्याला जसजशा पट्ट्या बसतात तसतसं व्होल्टेज चढत जातं, म्हणून मोजे परत हातात.

झाकण लावण्याआधी एकूण व्होल्टेज बघा. २१० च्या वर असेल तर निश्चिंत. फारच उतरलेला पॅक बसवला तर मोटरला इंजिन फिरवण्याइतकी ताकद मिळणार नाही आणि गाडी जिथल्या तिथे अडेल.

आता पंखा. बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटच्या उजव्या कडेच्या जाळीतून आत ओढली जाते. तिथे पिशव्या, कोट, कुत्र्याची चादर काहीही येऊन पडतं. या गाडीत जाळी वरून स्वच्छ होती, पण पंख्याची पाती केस आणि धुळीच्या नमद्यानं भरलेली निघाली. पाती म्हणून काही उरलीच नव्हती, एक करडं नळकांडं फिरत होतं. आवाज भरपूर आणि वारा नाही. बॅटरी मेली ती इथे. पंखा काढून मऊ ब्रशनं प्रत्येक पात्यामधली खाच साफ केली. दाबाची हवा मारताना चाक बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. डक्टही आतून पुसा, त्याच्या सांध्यातून गरम हवा शिरत नाही ना ते बघा. पॅक बाहेर असताना हे काम सोपं जातं, नंतर यासाठी परत अर्धी गाडी उघडावी लागते.

जोडणी उलट्या क्रमानं. चौकट, नळी, डक्ट, ईसीयू, नारिंगी केबल, मग सर्व्हिस प्लग आणि सगळ्यात शेवटी १२ व्होल्टची केबल. सर्व्हिस प्लगला तीन हालचाली आहेत: आत घालणं, दांडा फिरवणं, आणि दांडा सरकवून कुलूप लावणं. तिसरी राहून जाते. प्लग बसलेला दिसतो, पण प्लग पक्का बसल्याची खात्री करणारा आतला इंटरलॉकचा छोटा स्विच जुळलेला नसतो, आणि गाडी 'रेडी'त, म्हणजे चालायच्या तयारीत, येतच नाही. पी०ए०डी हा इंटरलॉकचा कोड दिसला तर दुसरं काही उसवण्याआधी प्लगचा दांडा बघा.

बटण दाबल्यावर मागून रिलेचे टिक-टिक आवाज ऐकू येतात. आधी रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू भरले जातात, मग मुख्य रिले लागतो. आवाज येऊन लगेच सगळं सुटत असेल तर केबल किंवा इन्सुलेशनमध्ये काहीतरी आहे, सारखं सारखं बटण दाबत बसू नका.

जुने कोड पुसून गाडी रस्त्यावर न्यायची ती स्कॅनर लावूनच. चढ, जोरात ॲक्सिलरेटर, लांब ब्रेकिंग, तिन्ही वेळी चौदा ब्लॉकमधला फरक बघायचा. नव्या मॉड्यूलमध्ये तो भाराखालीही काही दशांश व्होल्टच्या आत राहायला हवा. एखादाच ब्लॉक वेगळा पडला तर मॉड्यूलला दोष देण्याआधी त्याचे नट आणि तार तपासा. पहिले काही दिवस चार्जची पट्टी थोडी लहरी वागते, ईसीयूचा जुन्या बॅटरीवर बांधलेला अंदाज नव्याशी जुळायला वेळ लागतो. त्यात काळजीचं काही नाही. तीनही सेन्सरची तापमानं मात्र पहिल्याच दिवशी एकमेकांच्या जवळ हवीत. मधला सेन्सर थोडा वर असतो, मधल्या मॉड्यूलना दोन्हीकडून शेजाऱ्यांची ऊब मिळते. पण टोकाचा एखादा दहा-बारा अंश वर दिसला तर क्लिप सुटली आहे किंवा हवेचा मार्ग अडलाय.

महिनाभरानं पुन्हा एकदा तेच वाचन घ्या आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवा. फरक वाढलेला नसेल तर काम नीट झालं आहे. पंखा मात्र दरवर्षी उघडून साफ करायचा, पाळीव प्राणी गाडीत बसत असतील तर त्याहून लवकर.

जुनी मॉड्यूल पुनर्वापर केंद्राकडे द्यायची, त्यातलं निकेल परत वापरता येतं. तोवर दोन्ही टर्मिनलवर टेप लावून, उभी, कोरड्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवायची. मेलेलं म्हणून काढलेलं मॉड्यूलही शॉर्ट झालं तर पाना लाल करण्याइतका प्रवाह सोडतं.